डाव्या चाकापाशी

गेल्या मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास दिलसुखनगरमध्ये, शिकवणी वर्गांच्या गल्लीत उभी असलेली एक पांढरी मोटार जागच्या जागी चाकं वळवून बाहेर पडली आणि तिच्या पुढच्या चाकापाशी आवाज झाला. एकदाच झाला. ताणलेली जाड तार कुणी बोटाने ओढून सोडावी तसा. आधी टणक, मग क्षणभर घुमणारा. गल्लीत तेव्हा रिक्षांचे भोंगे चालू होते, फलकांखाली मुलांचे घोळके होते. कुणी मान वळवली नाही, चालवणाऱ्यानेही नाही. मोटार कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत मी उभा राहिलो. काही वर्षांपूर्वी अशाच एका आवाजाच्या मागावर मी पाच दिवस घालवले होते, आणि वर्तमानपत्राच्या नोकरीत ज्या काटेकोरपणाने टिपणं ठेवली त्याच काटेकोरपणाने त्याच्याही वेळा वहीत लिहिल्या होत्या.

तेव्हाची ती मोटार माझ्या मामांची. मामा आता नाहीत. मोटार नांदेडला त्यांच्या पुतण्याकडे आहे आणि चालते, एवढं माहीत आहे. मामा सरकारी बस डेपोत भांडार सांभाळत. नट, बोल्ट, ब्रेकचे लायनर, पाटे, बेअरिंगं अशा हजारो वस्तू त्यांच्या मांडण्यांवर असत आणि प्रत्येकीवर नंबर. त्यांच्या काउंटरचा एक रिवाज होता. फिटर आला की मामा वस्तू उचलत, तिच्यावरचा नंबर मोठ्याने वाचत, मग वस्तू फिरवून फिटरपुढे धरत आणि फिटरनेही तो मोठ्याने वाचायचा. दोघांचा जुळला की वस्तू हातात. चिठ्ठीवर काय लिहिलंय, खोक्यावर काय छापलंय, याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. खोकं खोटं बोलतं, लोखंड बोलत नाही, असं ते म्हणत. निवृत्तीनंतर काउंटर सुटला, रिवाज सुटला नाही. औषधाची पट्टी, गॅसचं सिलिंडर, विजेचा मीटर, सगळ्यांचे नंबर ते स्वतः वाचत. मामी त्यावर म्हणत, "माझा एक्सरे काढला ना भाचेराव, तेव्हा ह्यांनी आधी फिल्मवरचा नंबर वाचला, मग हाड बघितलं."

तो एक्सरे मामींच्या मणक्याचा होता. एके सकाळी अंबरपेठच्या घरात भिजलेली गोधडी बादलीतून उचलायला त्या वाकल्या आणि पाठीत काहीतरी मोडलं. पडल्या नाहीत, कुठे आपटल्या नाहीत. नुसत्या वाकल्या होत्या. मोडलेलं त्यांना आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. "टक् झालं," त्या सांगत, "शेजारच्या खोलीत कुणी काहीतरी मोडावं तसं. मी इकडंतिकडं बघितलं सुद्धा." डॉक्टरांनी आधी पडून राहायला सांगितलं, मग पट्टा दिला. पुढे काही महिन्यांनी, घराबाहेर जा, पण मोटारीतून, आणि धक्का बसता कामा नये, एवढी सूट दिली.

बाहेर म्हणजे कुठे, हे विचारायची गरज नव्हती. मामा-मामी मराठवाड्यातून हैदराबादला आले तेव्हापासून दर रविवारी सकाळी अडीच किलोमीटरवरच्या एका छोट्या विहारात जात. पत्र्याच्या छपराची एक खोली, पुढे दोन पायऱ्या, आत बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. येणारी पंचवीस-तीस कुटुंबं, बहुतेक आपल्याच भागातून आलेली. कुणी बँकेत, कुणी टपालात, कुणी इस्पितळात. बुद्धवंदनेची सुरुवात मामी करत. त्यांना ती तोंडपाठ होती, चालीसकट आणि थांब्यांसकट. नव्या पिढीची मुलं घरात मराठी बोलतात, गल्लीत तेलुगू, दुकानात दख्खनी, पण मराठी अक्षर त्यांना अडखळत वाचावं लागतं. काहींनी वंदना तेलुगू लिपीत उतरवून घेतलेली होती. पुढे एक आवाज असला की मुलं मागोमाग म्हणत. मामी घरी बसल्या तशी वंदना मोबाइलवर लावायला लागले. मामींना हे कळलं. त्यांनी "बंद पडत नाही ना मधेच?" एवढंच विचारलं. सात महिने झाले होते.

डॉक्टरांची सूट मिळाल्यावर मामांनी रस्ता मोजला. घरापासून विहारापर्यंत अकरा गतिरोधक होते. त्यातले चार पालिकेचे, बाकीचे ज्या त्या घरमालकाने आपापल्या मर्जीने केलेले, उंटाच्या पाठीसारखे. मोटार जुनी, पुढच्या दोन्ही स्प्रिंगा दमलेल्या. प्रत्येक गतिरोधकावर पोट टेकायचं आणि ठोकर थेट आसनात यायची. त्या मॉडेलचं उत्पादन बंद होऊन बराच काळ लोटला होता, मूळ कंपनीच्या स्प्रिंगा मिळत नव्हत्या. मामांनी सुट्या भागांच्या बाजारात चार दिवस हिंडून बाहेरच्या एका कंपनीची जोडी मिळवली. काळ्या, नव्या, आणि कड्यावर पांढऱ्या रंगात छापलेला नंबर. तो त्यांनी दुकानात दोनदा वाचला.

बसवायला अर्थात मिस्त्रींकडे. हे मिस्त्री डेपोच्याच कार्यशाळेत फिटर होते. तीस वर्षं मामांच्या काउंटरसमोर उभं राहून नंबर वाचलेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी अंबरपेठमध्येच एक शेड टाकली होती. वयाने ते मामांहून दोन-तीन वर्षांनीच लहान, तरी मामांना "साब" म्हणत आणि मामा समोर असले की खुर्चीवर बसत नसत. मामा त्यांना "मियां" म्हणत. या दोघांत मराठी कधी झाली नाही. मामांची दख्खनी मराठवाड्याच्या वळणाची, मिस्त्रींची जुन्या शहराची. पण दोघांची समजूत इतकी मुरलेली की अर्धी वाक्यं हवेतच राहत.

स्प्रिंगा शनिवारी बसल्या. रविवारी मामींनी सुलतान बाजारातून मुद्दाम आणवलेली पांढरी साडी नेसली, पट्टा बांधला, आणि दोघांच्या आधाराने पुढच्या डाव्या आसनावर बसल्या. मी मागे होतो. फाटकातून निघताना मामांनी स्टिअरिंग डावीकडे पुरतं फिरवलं आणि मामींच्या पायांखाली तो आवाज झाला. मामींनी दार उघडलं. उतरायला त्यांना नेहमी दोन माणसं लागत. त्या दिवशी त्या एकट्या उतरल्या. फाटकाला हात धरून उभ्या राहिल्या, चेहरा घामाने भिजलेला. "नको," म्हणाल्या. "मोडतंय ते."

मामांनी समजावलं. स्प्रिंग नवी आहे, पोलाद आहे, मोडत नाही. मामी ऐकून घेत होत्या. "तुमचं बरोबर असेल," त्या म्हणाल्या, "पण माझ्या पाठीला ते कोण सांगेल?" त्यानंतर मामी त्या मोटारीत बसायला तयार होईनात. रिक्षाने जायचं तर डॉक्टरांची मनाई. दुसऱ्या रविवारी मामी गच्चीत खुर्ची टाकून बसल्या आणि आपल्याशीच वंदना म्हटली. खालून भाजीवाला गेला तसा आवाज आणखी लहान केला.

मामा मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री म्हणाले, "नवी स्प्रिंग है साब, थोडी बोलती. चार दिन में बैठ जाती." चार दिवस गेले. मग मिस्त्रींनी वरच्या माउंटचे नट कसले. मग रबराच्या बुशांना ग्रीस लावलं. मग लिंक रॉड बदलला. मोटार दर वेळी शांत होऊन शेडमधून निघायची आणि फाटकात चाक वळवलं की बोलायची. शेजाऱ्यांनी लिंबू-मिरची बांधायला सुचवलं. "लिंबू सरबताला ठेवा," मामी वरून म्हणाल्या, "मिरच्या ठेच्याला." मामा रोज सकाळी चाक वळवून, गुडघ्यावर बसून, विजेरीच्या उजेडात स्प्रिंगेवरचा नंबर वाचत. नंबर बरोबर होता. रोजच बरोबर होता. आणि जसजसा तो बरोबर निघत गेला तसतसा त्यांचा संशय स्प्रिंगेवरून उठून मिस्त्रींवर बसत गेला. "माल खरा आहे," ते मला म्हणाले, "मग हात खोटा. म्हातारा झाला मियां. पण दुसऱ्याकडं कामून जावं, ते तूच सांग मला. चाळीस वर्षांपासूनचा आपला माणूस आहे." दुसऱ्या मिस्त्रीकडे जायचं ठरवून ते दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परत आले.

त्यांनीच मला म्हटलं, तू बातमीदार, तू शोध. मोटारीतलं मला काही कळत नव्हतं. पण ज्यातलं कळत नाही त्याचीही बातमी लिहावी लागते, आणि तिची रीत ठरलेली आहे. काय झालं, केव्हा, कुठे, कुणी पाहिलं. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत मी रोज सकाळी तासभर ती मोटार गल्लीत वळवली. मामी गच्चीतून ऐकत आणि बोट वर करत. शुक्रवारी वहीत एवढं होतं: आवाज फक्त डाव्या चाकापाशी, उजवीकडे एकदाही नाही. उभ्या मोटारीत चाक वळवलं की हमखास. चालत्या मोटारीत कमी. इंजिन थंड असो की तापलेलं, फरक नाही. चाक डावीकडे वळवताना एकदा, परत सरळ करताना आणखी एकदा, किंचित हलका. शेवटचा मुद्दा मामींनी पकडला होता. मला तो दुसरा आवाज ऐकूच आला नव्हता.

शनिवारी सकाळी वही घेऊन मी एकटाच शेडवर गेलो. मिस्त्री चहा पीत होते, मलाही दिला. मी एकेक नोंद वाचली, ते मान हलवत राहिले. "हौ," म्हणाले, "हौ, बराबर." पण त्यात नवल वाटल्यासारखं काही नव्हतं. ठाऊक असलेली बातमी पुन्हा वाचताना माणसाचा चेहरा जसा असतो तसा त्यांचा होता. जाता जाता, वहीत नसलेलं म्हणून, मी सांगितलं की उद्या चौथा रविवार, मामी उद्याही घरीच राहणार.

"कौन, अम्मा? कायकू?"

मी सांगितलं. गोधडी, हाडाचा आवाज, फाटक, पांढरी साडी. मिस्त्रींनी कप खाली ठेवला.

"ये बात साब बोले नै मेरे कू."

"ते कुणालाच बोलले नाहीत," मी म्हणालो.

"मैं समझा, सिरफ आवाज का झगडा है." ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले. "मेरे कू दूसरे दिनइच मालूम था बाबू, कायका आवाज है."

त्यांनी जे सांगितलं ते असं. स्प्रिंग खाली एका पत्र्याच्या वाटीत बसते. मिस्त्री तिला कटोरी म्हणत. वाटीच्या कडेला एक पायरी असते. स्प्रिंगेचं कापलेलं टोक बरोबर त्या पायरीला टेकलं पाहिजे, मग ती हलत नाही. डाव्या आणि उजव्या वाट्या एकमेकींची आरशातली प्रतिमा, पण स्प्रिंगा दोन्ही एकसारख्या. त्यामुळे उजवीकडे टोक पायरीला टेकवलं तेव्हा छापलेला नंबर आपोआप बाहेर आला, आणि डावीकडे तो आत, इंजिनाकडे गेला. मामा बसवताना शेजारीच उभे होते. उजवा नंबर वाचून ते डावीकडे आले, वाकले, आणि नंबर दिसला नाही. "अंदर है साब," मिस्त्री म्हणाले. मामा म्हणाले, "अंदर है तो मैं क्या देखा?" मिस्त्रींनी स्प्रिंग अर्धा वळसा फिरवली. नंबर बाहेर आला. टोक पायरी सोडून वाटीच्या काठावर चढलं. तेव्हापासून चाक वळलं की स्प्रिंग आधी अडून राही, पीळ खाई, आणि मग उडी मारून जागेवर येई.

"मग सांगितलं का नाही?"

मिस्त्रींनी फडक्याने हात पुसले. "तीस बरस उनो काउंटर के उधर, मैं इधर. उनो नंबर पढे, मैं पढा. 'साब, तुम गलत बोले', ऐसा मुंह से निकलाइच नै कभी. सोचा, चलते चलते हल्लू से खुदीच घूम के बैठ जाती. बैठी नै. फिर नट कसा, लिंक बदला. वो सब बहाना था बाबू. एक दफे बस खोलने का मौका मिलता तो चुपके से सीधी कर देता. साब तो हटतेइच नै गाडी के पास से."

मामांना हे कोण सांगणार, असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघतच विचारलं. मी म्हणालो, ज्याने पाहिलं त्याने सांगावं. त्यांनी फडकं ठेवलं, नळावर हात धुतले, खुंटीवरचा स्वच्छ सदरा घातला आणि माझ्याबरोबर चालत आले.

मामा फाटकातच होते, गुडघ्यावर, विजेरी घेऊन. मिस्त्री त्यांच्या शेजारी उकिडवे बसले. प्रस्तावना केली नाही. "साब, नंबर छोडो, इसके नीचे देखो," म्हणाले आणि बोट दाखवलं. स्प्रिंगेचं टोक आणि पायरी यांच्यात वीतभर जागा होती. काठावरचा काळा रंग घासून गेला होता आणि तिथे लोखंडाची चकचकीत रेघ उमटली होती. मामांनी ती बराच वेळ पाहिली. उजवीकडे जाऊन तिथलं टोक पाहिलं. परत आले. भांडारात चुकीची वस्तू गेली की ती कुणाच्या हातून गेली हे शोधायला त्यांना कधी वेळ लागला नव्हता.

"हे मीच फिरवायला लावलं," ते हळू म्हणाले.

"काय?" गच्चीतून मामी. "ऐकू आलं नाही."

मामांनी गल्लीकडे पाहिलं. समोरच्या दारात इस्त्रीवाला उभा होता, बाजूच्या घरातली बाई कपडे वाळत घालत होती. "मी फिरवायला लावली म्हणून वाजू लाली!" ते ओरडून म्हणाले.

"अस्सं," मामी म्हणाल्या. "मग आता मी सांगते म्हणून सरळ करायला लावा. आणि मियांना चहा दिल्याशिवाय सोडू नका. वीस दिवस शिव्या खाल्ल्यात त्यांनी तुमच्या."

"नै अम्मा," मिस्त्री वर बघून म्हणाले, "मेरा बी कसूर है. मैं पहलेइच बोल देना था."

"हो, आहेच," मामी म्हणाल्या. "तुम दोनों एक जैसेइच, वखत पे मुंह नै खुलता."

दुपारी शेडमध्ये डावा शॉकअप उतरवला. स्प्रिंग शिकंज्यात आवळून मिस्त्रींनी ती फिरवत नेली, टोक पायरीला टेकलं तिथे थांबले, आणि मला बोट आत घालून बघायला लावलं: आता तिथे नखही शिरत नव्हतं. वाटीत अंथरायची रबराची पट्टी काठावर चिरडली होती, तीही त्यांनी नवी घातली. नंबर आता पुन्हा आत, इंजिनाकडे जाणार होता. शिकंजा सोडण्यापूर्वी त्यांनी स्प्रिंग मामांच्या दिशेने उचलून धरली, मान कलवली तर नंबर वाचता यावा अशी. मामा वाकले नाहीत.

"तुम देखे ना मियां?"

"देखा साब."

"बस. छोडो."

इतक्या वर्षांत मी मामांना न वाचलेल्या नंबरावर होकार देताना पाहिलं ते त्या एकाच वेळी. पुढेही पाहिलं नाही. त्या दुपारी त्यांनी घरी येऊन औषधाच्या पट्टीवरचा नंबर नेहमीप्रमाणे वाचला आणि मग मामींना गोळी दिली.

माणूस एखाद्या आवाजाला का घाबरतो, याचं मूळ बहुतेक वेळा त्या आवाजात नसतं, आणि ते दूर करायला मात्र तो आवाजच बंद करावा लागतो. मामांना हे समजायला एकवीस दिवस लागले. मला पाच दिवस आणि एक वही. मामींनी ते पहिल्याच दिवशी फाटकात सांगितलं होतं, आम्ही दोघांनी ते तक्रार म्हणून ऐकलं. नोकरीत मी शेकडो वेळा लोकांचं म्हणणं शब्दशः उतरवून घेतलं. त्यातलं किती ऐकलं, ते आता तपासता येणार नाही.

रविवारी सकाळी आठला मोटार फाटकात उभी होती. मामी खाली आल्या, पण आत बसल्या नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून डाव्या चाकाजवळ उभ्या राहिल्या आणि मामांना म्हणाल्या, "फिरवा." मामांनी स्टिअरिंग डावीकडे पुरतं फिरवलं, मग सरळ केलं. मामींनी पुन्हा सांगितलं. चार वेळा डावीकडे, चार वेळा उजवीकडे. टायर खडीवर घासल्याचा आवाज येत होता, दुसरा कुठलाही नाही. समोरून इस्त्रीवाल्याने विचारलं, "क्या हुआ अम्मा, गाडी बेचरे क्या?" मामी म्हणाल्या, "नक्को रे बाबा, बैठ रऊं." मग दार उघडायला सांगितलं.

मोटार आठ वाजून वीस मिनिटांनी निघाली. अकरा गतिरोधक मामांनी पहिल्या गिअरमध्ये, तिरकी मोटार घालून ओलांडले. मामींचा एक हात दारावरच्या मुठीवर होता. सातव्या गतिरोधकानंतर तो मांडीवर आला. विहाराच्या दोन पायऱ्या चढायला चार मिनिटं लागली. नऊ वाजून पाच मिनिटांनी वंदनेची वेळ झाली. सुरुवात मामींनी केली.